भोंग्यातलं रडणं

ही गोष्ट ज्या पोरीची आहे ती आज गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरच्या गल्लीत मातीत खेळत असते. तिला विचारून उपयोग नाही. तेव्हा ती सात महिन्यांची होती.

तिच्या बापाला, दुर्गेशला, विचारलंत तर तो चहाचा कप अर्धा ठेवून उठून जाईल.

दुर्गेश माझा सख्खा आतेभाऊ. लहानपणापासून एक नंबरचा थापाड्या. मसणात एकटा झोपलो होतो म्हणून सगळ्या शाळेला सांगायचा, आणि झोपला असायचा मसणाच्या रस्त्यावरच्या पानठेल्यात. त्याची गोष्ट एरवी मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडली असती. पण ही गोष्ट मला तिघांनी वेगवेगळी सांगितली. आधी माझ्या आत्याने, सावित्रीबाईने. मग दुर्गेशच्या बायकोने, नीतूने. सगळ्यात शेवटी त्याने, तेही मान खाली घालून. तिघांचं जुळलं. थापा अशा जुळत नसतात.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. भाऊबीज झाली होती. धान कापणीला आलं होतं आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या होत्या.

आमच्याकडची मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर एकेका गावाचा एकेक दिवस ठरलेला असतो. दुपारपासून दंडारीची सोंगं नाचतात, जिलेबीचे ठेले लागतात, सिंगाड्यांचे ढीग पडतात, लेकी माहेरी येतात. आणि जिथं माणसं, तिथं औषधवाले आलेच. गुडघेदुखीचं तेल, दातांचं मंजन, पोट साफ करणारं चूर्ण.

दुर्गेशचं पोट या गर्दीवर चालायचं. त्याच्या ऑटोवर दोन मोठे भोंगे होते. निवडणूक असो, सर्कस असो, नवं साडीचं दुकान असो, दुर्गेश ओरडायला तयार. आवाज असा गोड, की त्याने नुसतं "माता-भगिनींनो" म्हटलं तरी बाया वळून बघायच्या.

त्या वर्षी त्याला छोटेलाल सेठने धरलं.

सेठचं गोंदियाच्या बाजारात औषधाचं जुनं दुकान. गल्ल्याच्या वर भिंतीवर एक पत्र्याची पाटी टांगलेली. पाटी विलायती, राणीच्या राज्यातली. तिच्यावर खुर्चीत बसलेली एक मडम, मांडीवर झोपलेलं बाळ, बाजूला औषधाची शिशी आणि इंग्रजी अक्षरं. रंग अजून चकचकीत होता. फक्त बाळाच्या चेहऱ्यावरचाच तेवढा उडाला होता, आणि तिथं गंज दिसायचा.

"मेरे परदादा के पिताजी ये शीशी बेचते थे," सेठ म्हणाला. "रेल्वेची लाईन टाकायचं काम चालू होतं ना, तवा. एक चमचा, और बच्चा चुप. औरत दिनभर काम को खाली."

"काय राहे त्याच्यात?" दुर्गेशने विचारलं.

"अफीम. और क्या?" सेठ हसला. "तब सब चलता था. शिशीत काय आहे ते लिहाच लागत नव्हतं. लिखते थे, शहाण्या आईचा विश्वास. बस. हमारी वाली में सौंफ है, शक्कर है. डरने का काम नहीं."

सेठच्या औषधाचं नाव होतं सुखनिंदिया बालघुट्टी. शिशीवर तीच मडम, फक्त तिला आता साडी नेसवली होती आणि टिकली लावली होती.

शिशीत आणखी काय आहे ते दुर्गेशने विचारलं नाही. ज्याच्या हातचं खायचं त्याला असे प्रश्न कोण विचारतो? पण एक खरं, सेठने फुकट दिलेल्या शिशांतली एकही त्याने घरी फोडली नाही. विकणाऱ्याला आपल्या मालाची चव माहीत असते.

सेठला जाहिरात हवी होती. सुरुवातीला बाळाचं रडणं, मग रडणं थांबतं, मग आईचा समाधानाचा आवाज.

"मगर रोना असली चाहिए. मोबाईल पे कहीं से उतारा हुआ नहीं. औरत का कलेजा हिलना चाहिए."

"माझ्या घरीच हाये ना असली," दुर्गेश छाती फुगवून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावित्रीबाई शेजारी पापड लाटायला गेली होती. डिंपल झोपून उठली, भुकेली. ही त्यांची पोरगी. नीतू तिला पाजायला बसणार, तेवढ्यात दुर्गेश म्हणाला, "थांब जरा. रडू दे."

त्याने मोबाईल पलंगावर तिच्या उशाशी ठेवला आणि नीतूला दाराशी उभं केलं.

डिंपल रडायला लागली.

आधी कुरकुर. मग मोठ्याने. मग श्वास कोंडून, लाल होऊन. तिने दोन्ही हात वर केले. उचलून घ्या म्हणून लेकरं करतात तसे.

"घेऊ का?" नीतूने विचारलं.

"थांब ना. आता तं रंग चढून राहिला."

नीतूने चौकट धरून ठेवली. तिचं ब्लाउज समोरून ओलं झालं होतं. लेकरू रडलं की आईचं दूध थांबत नाही, ते आपोआप वाहतं. कोणत्याही आईला विचारा.

डिंपल दाराकडे बघून रडत राहिली. हात तसेच वर.

कोणी आलं नाही.

आणि मग... ती थांबली.

झोपली नाही. डोळे उघडे होते. हळूच तिने हात खाली घेतले आणि छताकडे बघत पडून राहिली.

"वा," दुर्गेश कुजबुजला. "हेच पायजे होतं."

नीतूने धावत जाऊन तिला छातीशी घेतलं. पोरीने दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. संध्याकाळी दुर्गेशने नीतूकडून एक वाक्य म्हणवून घेतलं आणि रडण्याच्या मागे जोडलं.

"झोपलं गं माझं बाळ."

त्या दिवसापासून डिंपल रडली नाही.

पहिले दोन-चार दिवस घरात कौतुकच झालं. किती शहाणी पोर. मग अंगणवाडीत लस टोचली. बाकीच्या लेकरांनी आकांत मांडला आणि डिंपलने फक्त मान वळवून सुईकडे पाहिलं. नर्सबाई सुई हातात धरून तिच्याकडे बघतच राहिल्या.

"लेकरू रडत काऊन नाही?" सावित्रीबाईने घरी आल्यावर विचारलं.

रडणं कसं घेतलं ते तिला अजून कोणी सांगितलंच नव्हतं.

इकडे मंडयांमध्ये सुखनिंदिया धडाक्यात खपत होती.

भोंग्यातून डिंपलचं रडणं सुटलं की गर्दीतल्या बाया जागच्या जागी थबकायच्या. कापणीचे दिवस. धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून लेकरू झोपवायचं आणि बांधीत, धानाच्या खाचरात, उतरायचं. लेकरू रडलं की काम थांबतं. अशा बायांपैकी कोणाला एका चमच्यात झोपणारं बाळ नको असेल?

एक तरुण बाई म्हणाली, "बंद कर गा ते रडणं. पदर भिजते आमचा." पण शिशी तिनेही घेतली.

पुढच्या एका मंडईत ती पुन्हा भेटली. मांडीवर लेकरू, मान कलंडलेली. "लय झोपते गा हे. सकाळपासून उठलंच नाही."

"मंग तेच तं पायजे ना, बाई," दुर्गेश म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याच दुपारी त्याने पहिल्यांदा तिला पाहिलं.

उन्हं कलली होती. दंडारीची ढोलकी ऐन रंगात होती. गर्दी तिकडे सरकली म्हणून ऑटोसमोर जागा मोकळी झाली, आणि त्या मोकळ्या जागेत एक बाई उभी होती.

लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. केसांत धूळ. पाय पोटरीपर्यंत लाल मुरमाने माखलेले. कापणीवरून आली असेल असं त्याला वाटलं. पण धानाच्या बांधीत लाल मुरूम कुठला?

तिचा पदर छातीपाशी ओला होता.

ती शिशांकडे बघतच नव्हती. भोंग्याकडे बघत होती.

"पोरगी रडून राहिली, बापू..." ती म्हणाली. "कोणी उचलत काऊन नाही?"

दुर्गेश हसला. "रेकॉर्डिंग हाये, मावशी. खरं नोहे ते."

"उपाशी हाये थे."

तिने दोन्ही हात वर केले आणि भोंग्यात घातले.

आता भोंग्याचं तोंड परातीएवढं असलं तरी आत तो निमुळता होत जातो. लहान पोराची मूठही पार जात नाही.

तिचे हात कोपरापर्यंत आत गेले...

आणि रडणं थांबलं.

जिथं थांबायला हवं त्याच्या कितीतरी आधी. मधूनच. उचलून घेतल्यावर लेकरू थांबतं ना, एक हुंदका देऊन, तसं. मग भोंग्यातून एक बारीक आवाज आला. चुटुक... चुटुक... चुटुक...

लेकरू दूध पितं तसा.

दुर्गेशने घाबरून भोंग्याच्या मशीनकडे पाहिलं. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता. परत वर पाहिलं तर समोर कोणी नव्हतं. फक्त जिलेबीवाल्याचा कुत्रा भोंग्याकडे तोंड करून शेपूट पोटाखाली घेऊन बसला होता.

"झोपलं गं माझं बाळ," भोंग्यातून नीतूचा आवाज आला.

घरी पोहोचल्यावर त्याने कोणाला काही सांगितलं नाही. ऊन लागलं असेल, म्हणून स्वतःची समजूत घातली. नीतू डिंपलला घेऊन अंगणात बसली होती.

"आज ही घेतच नाही," नीतू म्हणाली. "तोंडाशी नेलं तं मान फिरवते."

"भूक नसन."

"अजी, हिचं तोंड पहा."

डिंपलच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरं होतं. दूध.

"मी पाजलं नाही," नीतू म्हणाली. "दुपारपासून नाही. वरचं दूध तं घरात येतच नाही."

दुर्गेशने पोरीचा वास घेतला. आंबूस दुधाचा वास, आणि केसांना धुराचा. चुलीच्या धुराचा. त्यांच्या घरी चूल नव्हती, गॅस होता.

सकाळी ऑटो काढायला गेला तर भोंग्याला मुंग्या लागल्या होत्या. काळी रांग चाकावरून चढून थेट भोंग्याच्या तोंडात गेली होती. आत बोट फिरवलं तर चिकट लागलं.

त्यानंतर रोज तेच.

प्रत्येक मंडईत ती यायची असं नाही. म्हणजे दिसायची असं नाही. पण रडणं रोज थोडं आधी थांबायला लागलं. मोबाईलवर ऐकलं तर रेकॉर्डिंग पूर्ण. भोंग्यावर लावलं की तुटायचं. आणि मागून ते... चुटुक चुटुक.

घरी डिंपल नीतूच्या अंगाला तोंड लावत नव्हती. नीतूची छाती आधी दगडासारखी झाली, ताप आला, आणि मग हळूहळू दूधच आटलं. पण पोरगी वाळली नाही. उलट गुबगुबीत व्हायला लागली. गालाला वळ्या पडल्या.

त्यांनी तिला गोंदियाच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरांनी वजन केलं, छाती तपासली.

"वजन वाढलंय. मग काळजी कशाची?"

"माझं पीतच नाही, साहेब."

"मग वरचं काय देता?"

"काहीच नाही."

डॉक्टरांनी चष्म्यावरून नीतूकडे असं पाहिलं, की ती ओशाळून खाली बघायला लागली. "झोपेचं वगैरे काही देता का? ते बाजारातलं सिरप? देऊ नका." दुर्गेश खिडकीबाहेर बघत होता. खाली रस्त्यावर त्याचाच ऑटो उभा होता, दोन्ही बाजूंना साडीतली मडम चिकटवलेली.

घरी आल्यावर नीतूने दार लावलं आणि त्याला समोर बसवलं.

"आता खरं सांगा. माझी पोरगी कोणाचं दूध पिऊन राहिली?"

मग त्याने सांगितलं. मुरमाचे पाय, ओला पदर, भोंग्यात गेलेले हात, सगळं. नीतूने त्या दुपारचं रडणं कसं घेतलं ते सांगितलं. सावित्रीबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिचा हात मध्येच थांबला.

"दोघांनी उभं राहून पाह्यलं?" तिने विचारलं. "आणि उचललं नाही?"

तिने सूप बाजूला ठेवलं.

सावित्रीबाईचं सासर तिरोड्याकडे, रेल्वेच्या लाईनीला लागून. तिच्या सासूने तिला एक ऐकवलं होतं, आणि त्या सासूला तिच्या सासूने. लाईनीचं काम चालू होतं तेव्हा बाया मुरमाच्या टोपल्या वाहायच्या. लेकरू रडलं, बाई उठली, की मुकादम तिची हजेरी कापायचा. तिथं एक माणूस घंटी वाजवत यायचा. शिशी विकायला. बाया सकाळी लेकरांना चाटवायच्या आणि झाडाखाली ओळीने निजवायच्या.

"एका बाईचं संध्याकाळी उठलं नाही," सावित्रीबाई म्हणाली. "तिले वाटलं झोपलं हाये. राती झोपडीत नेलं. छातीशी लावे अना म्हणे, रड ना वं माय, एकडाव रड. छाती भरून वाहे तिची. लेकरू काई रडलं नाही. मंग ते बाई कामावर गेलीच नाही. कोणाचं बी लेकरू रडलं की सगळ्यायच्या आधी थेच धावे. उचले, पाजे. बायाईनं मारून हाकलली तिले, तरी ये."

"मंग?" दुर्गेशने विचारलं.

"मंग काय? मेली असन कधीतरी. मले एवढंच सांगतलं होतं का लेकरू रडलं तं लवकर उचलजो. नाहीतं दुसरी कोणी उचलन."

नीतूने ताप असलेल्या अंगाने डिंपलकडे पाहिलं. पोरगी पाळण्यात पडून छताकडे बघत होती. ओठ हलत होते, चोखल्यासारखे.

दुर्गेशने तेव्हाच पेन ड्राइव्ह काढून जाळून टाकायचं ठरवलं. नीतूने हात धरला.

"जाळू नोका. माझ्या पोरीचं रडणं त्याच्यात हाये. जाळलं तं ते त्या बाईपाशीच राहन."

"मंग काय करू?"

"उद्या मी येतो मंडईले. डिंपलले घेऊन."

सावित्रीबाई नको म्हणाली नाही. तिने फक्त नीतूच्या पदरात एक हळकुंड बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशीची मंडई लाईनीकाठच्याच एका गावात होती. दूर तिरोड्याच्या वीज कारखान्याची धुराडी दिसत होती. लाईनीच्या कडेला जुने मुरमाचे ढीग, त्यांच्यावर बाभळी उगवलेल्या. दुर्गेशने ऑटो तिथंच उभा केला. सेठचा दोनदा फोन येऊन गेला, "आज माल ज्यादा ले गया ना?" त्याने उचलला नाही. शिशांची खोकीही उतरवली नाहीत.

नीतू डिंपलला कडेवर घेऊन भोंग्यासमोर उभी राहिली.

"लावा," ती म्हणाली.

दुर्गेशने बटण दाबलं.

रडणं सुरू झालं.

आधी कुरकुर. मग मोठ्याने. मंडईतल्या बाया नेहमीसारख्या वळल्या. आणि त्या बायांच्या मधून... ती आली.

नीतूला ती दिसली की नाही, ते मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, दिसली नाही. पण धुराचा वास आला आणि समोरची माती थेंबाथेंबाने ओली होत जवळ येताना दिसली.

दुर्गेशला मात्र सगळं दिसलं.

त्या बाईने भोंग्याकडे हात उचलले.

"बाई," नीतू म्हणाली. "पोरगी माझी होय."

हात थांबले.

"मंग उचलत काऊन नाही?"

हे शब्द नीतूने ऐकले. कोणीतरी अगदी तोंडासमोर उभं राहून बोलल्यासारखे. ती रडायला लागली.

"चुकलं माझं. दाराशी उभी होतो, अना उचललं नाही. तुम्ही उचललं. तुम्ही उपाशी ठेवलं नाही तिले, मी ठेवलं. आता दे वं माय. माझी मले दे."

भोंग्यातलं रडणं वाढत चाललं होतं. श्वास कोंडून, लाल होऊन रडतात तसं. जिथं रेकॉर्डिंग थांबायचं ती जागा कधीच मागे गेली होती. ते थांबलंच नाही. रडत राहिलं, घसा बसेपर्यंत.

त्या बाईचे हात हवेत तसेच होते. तिने नीतूच्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. दुर्गेश म्हणतो, तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एवढी भूक त्याने कोणाच्या तोंडावर पाहिली नाही, तो म्हणतो, आणि ती भूक पोटाची नव्हती.

तिने हात मागे घेतले.

डिंपलने तोंड उघडलं.

दुर्गेशने झटक्याने मशीनची वायर उपटली. भोंगे मेले. आणि रडणं चालूच राहिलं, त्याच सुरात, त्याच श्वासावर, नीतूच्या खांद्यावर. पोरगी आईच्या मानेला दोन्ही हातांनी घट्ट धरून रडत होती. नीतू तिथंच मातीत बसली आणि तिला पदराखाली घेतलं. दूध आटलं होतं तरी पोरगी चोखत राहिली, रडत राहिली, परत चोखत राहिली. आजूबाजूच्या बायांनी त्यांच्याभोवती कडं केलं. कोणी पाणी आणलं, कोणी नीतूची पाठ चोळली.

ती बाई परत दिसली नाही. मुरमाच्या ढिगाकडे जाणारे ओले थेंब होते, ते उन्हाने वाळले.

दुर्गेशने भोंगे काढले. आता तो राईस मिलमध्ये धानाची पोती वाहतो. मंडईतली ती तरुण बाई, जिचं लेकरू सकाळपासून उठलं नव्हतं, तिला शोधायला तो तीन-चार गावं फिरला. तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. सापडली नाही. ते लेकरू उठलं की नाही, त्याला अजून माहीत नाही. तेवढ्यासाठी तो अजून मंडयांना जातो आणि गर्दीत बायांच्या मांडीवरची पोरं बघत फिरतो.

छोटेलाल सेठने जाहिरातीच्या नकला आधीच दुसऱ्या ऑटोवाल्यांना वाटल्या होत्या. ते सांगतात, सुरुवातीला नुसतीच खरखर येते आणि मग एकदम नीतूचा आवाज. झोपलं गं माझं बाळ. सेठने ती जाहिरात बदलून घेतली. घुट्टी अजून मिळते.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहिलीही नसती. पण मागच्या महिन्यात मी स्वतः त्यांच्या अंगणात होतो.

भर दुपार. मी आणि दुर्गेश खाटेवर चहा घेत बसलो होतो. नीतू हापशीपाशी भांडी घासत होती. सावित्रीबाई तिरोड्याला गेलेली. डिंपल आत झोपली होती, आता अडीच वर्षांची. त्या घरात पोरीला क्षणभर रडू देत नाहीत. शेजारीपाजारी हसतात, लाडावून ठेवली म्हणतात. मीही चिडवायचो.

आतून डिंपल रडली. झोपेतून उठून रडतात तसं.

नीतूने हातातलं भांडं टाकलं. हात साबणाने भरलेले, ते धुवायला हापशी मारली. दोनदाच.

आणि आतलं रडणं थांबलं.

मधूनच. एक हुंदका देऊन.

नीतू आणि दुर्गेशने एकमेकांकडे पाहिलं. आम्ही तिघेही अंगणात होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं.

नीतू धावली. मी तिच्या मागे. डिंपल पलंगावर बसली होती, शांत. ती आमच्याकडे बघत नव्हती, मागच्या उघड्या दाराकडे बघत होती. ओठांच्या कोपऱ्यात पांढरं होतं.

नीतूने तिला उचललं, छातीशी धरलं आणि पदराने तिचं तोंड पुसलं. मग तो पदर नाकाशी नेला.

तिने मागचं दार लावलं आणि पोरीला घेऊन बाहेर आली.

खाटेवर दुर्गेशचा अर्धा कप तसाच होता. तो उठून गेला होता.